सावत्र बापाचं नाव कायद्यात कुठे आहे?

25 ऑगस्ट 1956. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू झाला, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा हैदराबाद राज्यात होतं. मराठवाडा मुंबई राज्यात यायला 1 नोव्हेंबर उजाडायचा होता. गावाचं राज्य बदलण्याच्या दोन महिने आधीच गावातल्या काही घरांचा हिशोब दिल्लीत ठरून गेला होता. या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे: 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई धरायची नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, पोरं कधी सोबत तर कधी आजीजवळ. समजा त्यातला एक बाप परत आलाच नाही. बाईने काही वर्षं वाट पाहिली, रीतसर घटस्फोट घेतला, दुसरं लग्न केलं. नव्या नवऱ्याने पोराला शाळेत घातलं, तापात रात्र-रात्र जागून काढली. दहा वर्षांनी पहिला बाप दारात उभा राहतो आणि म्हणतो, "पोरगं माझं आहे."

कायदा कुणाकडे बघतो? उत्तरासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

पाट होता, पालकत्व नव्हतं

महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट ही जुनी रीत. पाटाला कुठे मोहोतर म्हणत. बाई दुसरं घर करी, पण पहिल्या घरची पोरं कुणाकडे राहणार हे बऱ्याचदा जातपंचायतीत ठरे आणि तिथे बापाच्या भावकीचा आवाज मोठा असे. इंग्रजांनी 1856 साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली, तेव्हा हीच भावकी कागदावर आली. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार विधवेने पुन्हा लग्न केलं आणि मृत नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमलेला नसला, तर त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पुरुष नातेवाईक कोर्टात जाऊन मुलांसाठी दुसरा पालक मागू शकत. आईने लग्न केलं की तिच्यावर प्रश्नचिन्ह. तिच्या नव्या नवऱ्याचा तर उल्लेखही नाही.

डॉक्टर सखाराम अर्जुन

महाराष्ट्राच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या सावत्र बापाचं नाव आपण सहसा त्याच्या मुलीमुळे ऐकतो. रखमाबाईंचा जन्म 1864 चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाईंनी मालमत्ता मुलीच्या नावे केली आणि पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. सखाराम अर्जुन मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संस्थापक सदस्य.

अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं, पण त्या सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या आणि तिथेच त्यांना वाचनाची गोडी लागली. 1884 साली दादाजींनी बायकोचा ताबा मागणारा दावा लावला. मुलीला तिच्या मालमत्तेसाठी माहेरच्यांनी अडवून धरलंय, असा त्यांचा आरोप होता. सखाराम अर्जुन 1885 मध्ये वारले. त्याच वर्षी न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च 1887 मध्ये नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या.

इथे परत आलेला माणूस बाप नव्हता, नवरा होता. पण मुद्दा आपलाच आहे. ज्या माणसाने घर दिलं, शिकायला मोकळीक दिली, त्याचं म्हणणं कायद्याच्या लेखी मोजलं जात नव्हतं. माया हा हक्काचा पुरावा नव्हता.

गैरहजर बाप कोर्टात

1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याने एक खिडकी उघडली. अज्ञान मुलाचा पालक व्हायला कुणीही अर्ज करू शकतं, त्यात सावत्र बापही आला. पण जन्मदाता जिवंत असेल आणि कोर्टाला तो नालायक वाटत नसेल, तर त्याच्या जागी दुसऱ्याला नेमता येत नाही. खिडकी होती, पण तिला गज होते.

ते गज पहिल्यांदा वाकले विदर्भातल्या जमिनीच्या एका वादात. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या खटल्यात आईवडील वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे होते. अज्ञान मुलीची जमीन आईच बघत होती आणि आईनेच ती खंडाने दिली होती. बाप हयात असताना आईला हा अधिकार होता का? 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाप असूनही काहीच बघत नसेल, तर त्या परिस्थितीत आई नैसर्गिक पालक मानता येते. 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात हा विचार पुढे गेला. लेखिकेने मुलासाठी रोख्यांचा अर्ज भरला होता आणि रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली होती. कायद्यातल्या 'वडिलांनंतर आई' या शब्दांचा अर्थ 'वडील मेल्यावर' असा नाही, 'वडिलांच्या अनुपस्थितीत' असा आहे, असं न्यायालयाने ठरवलं.

दोन्ही निकालांनी एकच गोष्ट मान्य केली: नुसतं जिवंत असणं म्हणजे बाप असणं नव्हे. पण मोकळी झालेली जागा आईला मिळाली. सावत्र बाप अजूनही दाराबाहेरच.

मग दारात उभ्या त्या बापाचं काय?

आज तो बाप मुलाचा ताबा मागू शकतो. पण 1956 च्याच कायद्याचं तेरावं कलम म्हणतं की मुलाचं हित सर्वांत वर. मूल समजतं झालं असेल तर कोर्ट त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतं. दहा वर्षांची गैरहजेरी, शाळा, दवाखाना, घरातली माया हे सगळं तिथे तोललं जातं. लढायचं मात्र आईला. सावत्र बापाचं घर तिच्या बाजूचा पुरावा ठरतं, त्याचा स्वतःचा हक्क ठरत नाही.

हक्क हवा तर दत्तक हाच पक्का रस्ता. 2017 च्या दत्तक नियमांपासून सावत्र पालकाला बाल न्याय कायद्याखाली, कोणत्याही धर्माचा असला तरी, मूल दत्तक घेता येतं. 2022 पासून त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात. वैध दत्तकानंतर जन्मदात्याचं नातं कायद्याने संपतं. अडचण अशी की जन्मदात्याची संमती लागते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात संमतीची गरज नाही ती फक्त तो वारला, संन्यासी झाला, धर्म सोडला किंवा कोर्टाने मनोरुग्ण ठरवला तर. 'निघून गेला' हे कारण त्या यादीत नाही. सात वर्षं काहीच खबर नसेल तर 1872 च्या पुरावा कायद्याने माणूस मेला असं धरण्याची वाट ठेवली होती, पण गावाकडे लग्नाकार्यात तो कुणाला दिसला असेल, तर तीही बंद.

आणि दत्तक झालं नाही तर? हिंदू वारसा कायद्यात बायकोचा आधीचा मुलगा पुरुषाचा वारस नाही. सावत्र बापाला पोराला शेत द्यायचं असेल तर मृत्युपत्र करावं लागतं. ते राहून गेलं, की ज्या भावकीने 1856 साली मुलावर हक्क सांगितला होता, तशीच दुसरी भावकी सातबाऱ्यावर उभी राहते.

1956 चं ते एक वाक्य आजही जागेवर आहे. ते लिहिणाऱ्यांना बहुधा गोष्टींतली छळणारी सावत्र आई आणि जमीन लाटणारा सावत्र बाप दिसत असावा. अशी माणसं तेव्हा होती, आताही आहेत, म्हणून मुलाला संरक्षण हवंच. पण तेच वाक्य तापात रात्र-रात्र जागणाऱ्या माणसालाही लागू होतं. चांगला आणि वाईट सावत्र बाप वेगळा ओळखायची जबाबदारी आपण कोर्टावर टाकली आहे. तोवर ते पोर कोर्टाच्या तारखा मोजत मोठं होत असतं.