मोटारीचें कूळ

जुन्या वस्तूंचा व्यापार मनुष्याच्या श्रद्धाळूपणावर बराच चालतो. ताम्रपट, चित्र किंवा नाणें एकदां घडलें कीं तसेंच राहतें; त्याची झीज होते, त्यावर पुटें चढतात, परंतु त्याचे अवयव काढून कोणी दुसरे बसवीत नाहीं. मोटारीची गोष्ट निराळी आहे. ती चालण्यासाठींच निर्माण झालेली असते, आणि जी चालते ती झिजते. तिचे टायर, ब्रेक, स्प्रिंगा आणि पुढें इंजिनसुद्धां बदलावें लागतें. ज्या गाडीनें मोठा पराक्रम केला तिची मोडतोडही मोठी. उलट जी कोणी बाहेर काढलीच नाहीं, ती मात्र जन्मली तशी राहते. असें असतां जुन्या मोटारीसाठीं कोट्यवधि रुपये मोजणारा गृहस्थ विकत तरी काय घेतो? लोखंड, नांव, कीं त्या नांवाभोंवतीं जमलेली कथा? हा प्रश्न केवळ तार्किकांच्या करमणुकीचा नाहीं. १९९० सालीं लंडनच्या न्यायालयांत तो खरोखरच उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर एक कोटी पौंड अवलंबून होते.

त्या खटल्याकडे वळण्यापूर्वीं संज्ञांचा थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वींची कोणतीही मोटार दिसली कीं तिला 'व्हिंटेज' म्हणण्याची चाल पडली आहे. इंग्लंडांत हा शब्द इतका सैल नाहीं. तेथें १९३० सालीं स्थापन झालेल्या व्हेटरन कार क्लबानें १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्यांस 'व्हेटरन' ठरविलें, आणि १९३४ च्या व्हिंटेज स्पोर्ट्स कार क्लबानें १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांस 'व्हिंटेज' म्हटलें. ह्या सीमारेषा किमतीच्याही रेषा आहेत. १९०४ ची गाडी दरसालच्या लंडन-ब्रायटन यात्रेंत सामील होऊं शकते, १९०५ ची होऊं शकत नाहीं; तेव्हां जन्मतारीख एका वर्षानें मागें ढकलण्याचा मोह विक्रेत्यास कां होतो हें निराळें सांगणें नको.

आतां ती गाडी. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनीं १९१९ सालीं काढलेली मोटार-कंपनी जेमतेम बारा वर्षें स्वतंत्रपणें जगली. १९३१ सालीं तिचें दिवाळें निघालें व रोल्स-रॉइसनें ती घेतली. परंतु तेवढ्या अवधींत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिनें पांच वेळां जिंकली: १९२४ सालीं, आणि मग १९२७ पासून १९३० पर्यंत ओळीनें. यांपैकीं शेवटचे दोन विजय 'स्पीड सिक्स' जातीच्या एकाच गाडीनें मिळविले. तिला पुढें 'ओल्ड नंबर वन' हें नांव पडलें. दोन्ही वेळां ती हांकणारांत वुल्फ बार्नाटो होता. दक्षिण आफ्रिकेंतील हिऱ्यांच्या खाणींवर अवाढव्य संपत्ति मिळविलेल्या बापाचा हा मुलगा. तो कंपनीचा अध्यक्षही होता आणि तिचा पोशिंदाही. ल मांच्या शर्यतींत तो तीनदां उतरला आणि तीनदांही जिंकला.

गाडीचें आयुष्य मात्र तेथें संपलें नाहीं. १९३१ सालीं तिनें इंग्लंडांत ब्रुकलंड्स येथील पांचशें मैलांची शर्यत मारली. पुढच्या वर्षीं त्याच शर्यतीसाठीं तिच्यांत आठ लिटरचें इंजिन घालण्यांत आलें. त्या शर्यतींत क्लाइव्ह डन्फी हा तरुण चालक उतरत्या वळणावरून गाडीसकट पलीकडे फेंकला गेला व ठार झाला. मोडलेल्या गाडीची पुन्हां उभारणी झाली आणि ती बंद टपाची प्रवासी गाडी बनली. नंतर मालक बदलले, बॉडी बदलली, आणि अखेर १९९० सालीं तत्कालीन मालकानें ती मिडलब्रिज नांवाच्या कंपनीस एक कोटी पौंडांस विकण्याचा करार केला. करार होतो न होतो तोंच खरेदीदार मागें सरला. त्याचें म्हणणें एकच: ही 'ओल्ड नंबर वन' नव्हेच. त्याच सुमारास जुन्या मोटारींचा तेजीचा बाजार ओसरूं लागला होता, हेंही येथें नोंदून ठेवावें. बाजार चढता असतां गाडीच्या कुळाची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं!

न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें तज्ज्ञांची साक्ष झाली. तींतून निघालेलें चित्र विक्रेत्यास मुळींच सुखावह नव्हतें. १९२९ च्या विजयी गाडीचा, काळ ठरवितां न येणारे किरकोळ जोड सोडले तर, कांहींच भाग उरलेला नव्हता. १९३० च्या गाडीपैकीं पेडलांचा दांडा, गियरबॉक्सचें कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेंच शिल्लक होतें, व तेंही सर्व गाडींत बसविलेलें नव्हतें. चॅसी, आंस, इंजिन हा मुख्य भाग १९३२ च्या, म्हणजे अपघाताच्या वेळच्या, गाडीचा होता. इतकें मान्य करूनही न्यायमूर्तींनीं निकाल विक्रेत्याच्या बाजूनें दिला. त्यांनीं दोन शब्द वेगळे काढले. ही गाडी 'मूळची' नाहीं, कारण ज्या भागांनिशीं ती ल मांला धांवली ते भाग तिच्यांत नाहींत. पण ती 'अस्सल' आहे. कारण एका अवस्थेंतून दुसऱ्या अवस्थेंत जातांना ती कधींही नाहींशी झाली नाहीं, तिचा इतिहास मध्येंच तुटला नाहीं, आणि त्या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी गाडी जगांत नाहीं.

हा निकाल वाचून आम्हांस मिलिंदप्रश्नांतील रथाची आठवण झाली. यवन राजा मिलिंद रथांतून आला होता. नागसेनानें त्यास विचारलें कीं दांडी हा रथ काय, आंस हा रथ काय, चाकें हा रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणाला, आणि शेवटीं त्यास कबूल करावें लागलें कीं ह्या सर्वांच्या आधारें 'रथ' हें नांव व्यवहारांत चालतें इतकेंच. नागसेनाच्या रथावर कोणी बोली लावलेली नव्हती, म्हणून त्याचें काम तेवढ्यावर भागलें. न्यायमूर्तींस त्यापुढें एक पाऊल टाकणें भाग होतें. नांव व्यवहारांत चालतें हें खरें, पण तें कोणत्या पुराव्यावर चालूं द्यावयाचें? त्यांचें उत्तर आमच्या मतें बरोबर आहे. आपण एखाद्या घराण्याचें कूळ पाहतों तें आज हयात असलेल्या पुरुषाच्या रक्तमांसावरून पाहत नाहीं. वंशावळ अखंड आहे कीं नाहीं हें पाहतों. मोटारीचें तसेंच आहे.

परंतु वंशावळ म्हटली कीं ती बनावट असण्याचा धोका आलाच. त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. त्याच बार्नाटोच्या दुसऱ्या एका स्पीड सिक्सनें तें पुरविलें आहे. १९३० च्या मार्चांत त्यानें शंभर पौंडांची पैज मारली कीं 'ब्लू ट्रेन' ही प्रसिद्ध आगगाडी कान येथून निघून कॅलेस पोंचण्यापूर्वीं आपण मोटारीनें लंडनांतील आपला क्लब गांठूं. पैज त्यानें चार मिनिटें राखून जिंकली. ह्या धांवेची कथा पुढें एका विशिष्ट गाडीस चिकटली. गर्नी नटिंग यांनीं बांधलेली, उतरत्या छपराची ती देखणी कूपे इतकी डौलदार, कीं असा पराक्रम तिचाच असला पाहिजे असें पाहणारास वाटावें. चित्रकार टेरेन्स क्यूनियो यानेंही आगगाडीशीं स्पर्धा करतांना तीच रंगविली. पुढें कागदपत्रें तपासलीं गेलीं तेव्हां आढळलें कीं ती कूपे मालकाच्या ताब्यांत आली मे महिन्यांत, म्हणजे पैजेनंतर दोन महिन्यांनीं! बार्नाटो त्या रात्रीं धांवला तो एच. जे. मलिनर यांनीं बांधलेल्या साध्या चौकोनी सलून गाडींतून. एका गाडींत धातु पालटला आणि नांव टिकलें. दुसरींत धातु निर्मळ, आणि नांव उसनें. नुसती गाडी न्याहाळून ह्यांपैकीं एकही गोष्ट कळली नसती.

म्हणून जुनी मोटार घेणारानें प्रथम गाडी पाहूं नये, कागद पाहावे. चॅसीचा अंक व इंजिनाचा अंक धातूवर ठोकलेले असतात. ते कारखान्याच्या व नोंदणीच्या दप्तरांशीं जुळतात कीं नाहीं, अक्षरांची घडण त्या कारखान्याची आहे कीं हालींच्या ठोक्याची, आणि अंकाभोंवतींचा पत्रा घांसून पुन्हां रंगविलेला तर नाहीं, हें भिंग लावून पाहावें. बेंटलीच्या बाबतींत ही सावधगिरी दुप्पट हवी. स्पीड सिक्स जातीच्या सर्व मिळून १८२ गाड्या बांधल्या गेल्या, आणि त्यांतील कित्येकींवर मूळ बॉडी भारी सलून किंवा लिमोझीनची होती. मागाहून उघड्या शर्यतीच्या गाडीस भाव आला, तेव्हां त्या बॉडी उपटून ल मांच्या धर्तीच्या नव्या चढविल्या गेल्या. अशी गाडी चालते उत्तम आणि दिसतेही ऐटबाज. पण तिची किंमत शर्यत मारलेल्या गाडीची नव्हे. शर्यत मारणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि आज त्या वेषांतल्या गाड्या कितीतरी अधिक दिसतात. खुद्द बेंटली कंपनीनेंही २०२२ सालीं जुन्या बरहुकूम बारा नव्या स्पीड सिक्स बांधण्याचें जाहीर केलें. निदान त्यांत लपवाछपवी नाहीं.

कागद पटले म्हणजे मग गाडीखालीं शिरावें. त्या काळच्या बॉडीचा पत्रा लांकडी सांगाड्यावर ठोकलेला असे. बाहेरचा रंग आरशासारखा असतांही आंतलें लांकूड भुसा झालेलें असूं शकतें. दार उघडून थोडें उचलून पाहावें. तें खालीं लोंबलें तर बिजागरीस दोष देण्याची घाई करूं नये, बिजागरी ज्या खांबास जडली आहे तो कुजला असण्याचा संभव अधिक. पत्रा लोखंडी असेल तर चुंबक फिरवून पाहावा. जेथें तो धरत नाहीं तेथें गंजाचें भोंक पुट्टीनें बुजविलेलें आहे असें समजावें. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ही युक्ति चालत नाहीं, तेथें बोटांची पारख हवी. इंजिन थंड असतांच सुरू करावयास सांगावें. विक्रेत्यानें तें आधींच गरम करून ठेवलें असेल तर चहा घेऊन तासभर थांबण्यास हरकत नाहीं. निळा धूर निघाला तर तेल जळत आहे. पांढरी वाफ बराच वेळ थांबली नाहीं तर पाणी आंत शिरत आहे. हे दोष भयंकर नव्हेत. इंजिनाची दुरुस्ती पैशानें होते. गेलेला अंक पैशानें परत येत नाहीं. आणखी एक गोष्ट नवशिक्यास कटु वाटेल, पण सांगितली पाहिजे: साधारण जातीच्या मोडक्या गाडीची पुरी उभारणी करण्यास जो खर्च येतो, तो उभारलेली गाडी विकून बहुधा भरून येत नाहीं.

उभारणीविषयींची रुचिही आतां पालटली आहे. पूर्वीं प्रदर्शनांत बक्षीस मिळे तें चकचकीत गाडीस. मालक मोटारी नव्याहून नव्या करीत, आणि त्या भरांत मूळचें चामडें, रंग व खिळे कचऱ्यांत जात. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९६६ सालीं स्थापन झाल्यावर बऱ्याच उशिरां, २०१३ च्या आरंभीं, ट्यूरिनची सनद मंजूर केली व जतन हें पुनरुद्धारापेक्षां श्रेष्ठ ठरविलें. कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील प्रदर्शन १९५० पासून भरतें. तेथें जतन केलेल्या, न उजळलेल्या गाडीस सर्वश्रेष्ठतेचा मान मिळाला तो प्रथम २०२४ सालीं. ती गाडी १९३४ ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स, बेल्जमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्या मालकींतून आलेली. तिच्या अंगावरचे ओरखडे हा आतां तिचा दागिना समजला जातो.

आपल्या देशाचा ह्या विषयाशीं संबंध आहे तो संस्थानिकांच्या मोटारखान्यांमुळें. तनखे १९७१ सालीं बंद होण्याच्या आगेंमागें पुष्कळ गाड्या कवडीमोलानें गेल्या. कलकत्त्यांत १९१० सालीं धांवलेली आणि पुढें नाभ्याच्या महाराजांकडे गेलेली हंसाच्या आकाराची ब्रुक गाडी आज हेग येथील लौमन संग्रहालयांत आहे. ज्या येथें उरल्या त्यांचे भाग मिळेनासे झाले. गांवच्या लेथवर ते कातून घेतले, कित्येकींत जीपचें किंवा डिझेलचें इंजिन घातलें, आणि अशा रीतीनें त्या चालत्या ठेवल्या. हें काम करणाऱ्या मिस्त्र्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. मात्र त्यांनीं काय बदललें याची टिपणें कोणी ठेवलीं नाहींत, आणि खरेदीचीं बिलें, परवाने, कारखान्याचीं पत्रें रद्दींत गेलीं. आज अशी गाडी घेणारास नोंदणीच्या पुस्तकांतील अंक हाच बहुधा एकुलता पुरावा उरतो.

जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या मोटारींसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस वीस हजार रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा अंक मिळूं शकतो. तो दहा वर्षें चालतो, आणि नंतरच्या नूतनीकरणास पांच हजार पडतात. अट अशी आहे कीं गाडी मूळ स्वरूपांत राखलेली असावी, चॅसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार केलेला नसावा. हेतु उघडच चांगला आहे, आणि बनावट गाड्यांस त्यानें आळा बसेल. पण अट अक्षरशः लावली तर 'मूळची' आणि 'अस्सल' हा लंडनच्या न्यायालयानें काढलेला भेद तींत कोठेंच बसत नाहीं. इंजिन दुसरें, चॅसी दुसरी, बॉडी दुसरी अशी ती दोनदां ल मां जिंकलेली बेंटली उद्यां कोणी आमच्या परिवहन कार्यालयाच्या दारांत आणून उभी केली, तर आंतला अधिकारी अर्जावर काय लिहील? नियमाप्रमाणें त्यास 'नामंजूर' असेंच लिहावें लागेल. आणि शेजारीं उभी असलेली, कधीं कोणतीही शर्यत न धांवलेली, त्याच सालची एखादी सामान्य सलून गाडी मात्र आपला अंक घेऊन घरीं जाईल.