चूक वैमानिकाची की खटक्याची?

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. अमेरिकेची काही ‘बी-१७’ बॉम्बफेकी विमाने मोहिमेवरून सुखरूप परतत, धावपट्टीवर नीट उतरत. आणि मग वैमानिक चाकेच वर घेई! विमान पोटावर बसे. शेरा पडे, ‘वैमानिकाची चूक’.

१९४३ साली अल्फोन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाऐवजी त्याच्या पुढ्यातले खटके तपासले. उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटायच्या असत. त्यांचा खटका आणि चाकांचा खटका शेजारीशेजारी होते, दिसायला व हाताला अगदी सारखे. ‘सी-४७’ विमानात या दोन्हींची रचना वेगळी होती. तिथे ही चूक होत नसे.

चॅपॅनिसचा उपाय साधा होता. चाकांच्या खटक्याला छोटे रबरी चाक लावले, झडपांच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. आता न पाहताही बोटांना फरक कळू लागला आणि ही चूक थांबली. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्याच आकाराची असते.

वर्गातली दहा मुले एकच चूक करतात, तेव्हा लाल शेरा मारण्यापूर्वी आपणही एकदा प्रश्नाची मांडणी तपासून पाहावी, नाही का?