वरचं कार्ड, खालचं कार्ड

कार्ड आधी खोडरबरने घासायचं. शाळेच्या पोरांचं पांढरं खोडरबर, दुसरं काही नको. सोनेरी चिपवरून चार वेळा हलक्या हाताने फिरवायचं, फुंकर मारायची आणि मग रिसीव्हरच्या तोंडात सरकवायचं. दुसरीकडच्या केबलवाल्यांना हे वर्षातून एकदा करावं लागत असेल, आम्हाला दर आठवड्याला करावं लागे. आमची कंट्रोल रूम नागपूरच्या कळमना मार्केट यार्डाजवळ, एका अडत्याच्या गाळ्यावरच्या खोलीत होती. जानेवारीपासून भिवापूरकडची लाल मिरची यार्डात उतरायला लागली की हवेत तिखट धूळ उडायची आणि रिसीव्हरचे पंखे ती इमानदारीने आत ओढायचे. आमच्याकडे नवा पोरगा कामाला लागला की पहिला आठवडा नुसता शिंकायचा.

मी या धंद्यात 1993 साली आलो, लाईनमन म्हणून. त्याच्या आधी आमचे भाऊ व्हिडिओ कॅसेट लावून आसपासच्या घरांना वायरने सिनेमा दाखवायचे. रात्री एक, रविवारी दोन. मग स्टार आला 1991 ला, 2 ऑक्टोबर 1992 ला झी, आणि भाऊंनी व्हीसीआर बाजूला ठेवून गच्चीवर बारा फुटांची जाळीची छत्री बसवली. नागपूर 79 रेखांशावर. स्टार आणि झी ज्यावर होते तो एशियासॅट-1 उपग्रह 105.5 अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर. म्हणजे छत्रीचं तोंड आग्नेयेला, पारडीच्या बाजूला, आणि मान जमिनीपासून पन्नासेक अंश वर. हे गणित मला फार नंतर समजलं. तेव्हा भाऊ गच्चीवर छत्री ढकलायचे, मी खाली टीव्हीसमोर बसून ओरडायचो. "आलं, आलं, आलं... गेलं!" मे महिन्यातल्या अंधडात छत्री दोन बोटं हलली की पुन्हा तोच खेळ.

या पहिल्या काळाची गंमत अशी की आकाशाला कुलूप नव्हतं. छत्री, रिसीव्हर आणि वायर असली की तुम्ही केबलवाले. परवाना नाही, करार नाही. केबलचा कायदा आला तोच 1995 ला. पुढे एकेका चॅनलने कुलूप लावायला सुरुवात केली, आणि दर कुलपाबरोबर एक डब्बा आणि एक कार्ड आमच्या खोलीत आलं. दहा-बारा वर्षांत भिंतीला लोखंडी रॅक लागला. त्यात एकाखाली एक डब्बे, प्रत्येकाच्या पोटात एक कार्ड. एका डब्ब्यातून एक चॅनल निघे, मॉड्युलेटरमध्ये जाई, आणि सगळे एकत्र होऊन एकाच जाड वायरने वस्तीत उतरत. गिऱ्हाइकाच्या घरी ना डब्बा ना कार्ड. अख्ख्या वस्तीच्या चाव्या आमच्या एका खोलीत.

कार्ड नेमकं काय करतं, हे लोक विचारायचे. त्यात सिनेमे भरलेले असतात असं निम्म्या गिऱ्हाइकांना वाटे. चित्र आकाशातून येतं तेच कुलूप लावून, आणि त्या कुलपाची चावी दर काही सेकंदांनी बदलते, साधारण दहा धरा. ती चावीसुद्धा बंद पाकिटात, चित्राबरोबरच येते. रिसीव्हर ते पाकीट कार्डाला देतो. कार्डात त्या चॅनलचा हक्क भरलेला असला तर ते पाकीट फोडून चावी परत देतं. हक्क संपला असेल तर नकार. हा हक्कही आकाशातूनच भरला जातो. म्हणून नवं कार्ड मिळालं की ते त्या चॅनलवर तासभर चालू ठेवून बसायचं आणि कंपनीला फोन करत राहायचं, "सिग्नल मारा साहेब, सिग्नल मारा."

कार्डावर नुसता एक नंबर असायचा. पण कंपनीच्या वहीत त्या नंबरापुढे आमचा इलाका लिहिलेला असे. या इलाक्यापलीकडे त्या कार्डाचं चित्र न्यायचं नाही, असा करार. आणि किती घरांना दाखवता तेही लिहून द्यायचं, त्यावर पैसे. इथे मी साधू असल्याचा आव आणणार नाही. घरं सहाशे, कागदावर दीडशे. सगळेच करत होते. कंपन्यांना ठाऊक होतं, करमणूक कर वसूल करणाऱ्या साहेबांनाही ठाऊक होतं. प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने आकडा वाढवून मागे आणि आम्ही घासाघीस करत असू. यार्डात खाली मिरचीचे सौदे चालत, वर आमचे. पुढे सरकारने घरोघरी डब्बे सक्तीचे केले त्यामागे हे एक मोठं कारण होतं, आणि त्याबद्दल मला तक्रार करायला तोंड नाही.

आता त्या दोन खाचांच्या रिसीव्हरची गोष्ट. पारडीकडच्या एका केबलवाल्याने धंदा सोडला, त्याची लाईन भाऊंनी विकत घेतली. वायरींबरोबर त्याचं सामानही आलं. त्यात एक चांगला रिसीव्हर होता, कार्डाच्या दोन खाचांचा, आणि वरच्या खाचेत त्याचं जुनं कार्ड तसंच. मी आमचं कार्ड खालच्या खाचेत घातलं, चित्र आलं, विषय संपला. जुनं कार्ड काढायला पाहिजे होतं. राहिलं.

18 एप्रिल 2008. आयपीएलची पहिलीच मॅच, बंगळुरूत, बंगळुरू विरुद्ध कोलकाता. मॅच दाखवणारं सेट मॅक्स चॅनल त्याच रिसीव्हरवर होतं. तोवर ते कसं चाललं? तर पारडीवाल्याच्या कार्डाचा हक्क अजून संपला नव्हता. वरचं कार्डच चावी देत होतं, आमचं खाली नुसतं बसून होतं. तो हक्क नेमका त्या आठवड्यात संपला. कोलकात्याचा मॅक्युलम मारायला लागला आणि चित्र दर आठ-दहा सेकंदांनी थिजायला लागलं. चेंडू वर जायचा, खाली यायचाच नाही. फोन सुरू झाले. खालून एक हमाल जिना चढून दारात आला.

"अबे, चेंडू कुठं ठेवून राहिला तू?"

मी छत्री पाहिली, वायर पाहिली, छत्रीसमोरच्या एलएनबीचा नट आवळला. सिग्नल काठोकाठ. मग मीटरवरची नजर काढून चित्राकडे लावली तर थिजणं अगदी तालात होतं. दोन-तीन सेकंद थिजलं, चाललं, पुन्हा थिजलं. तिथे डोक्यात उजेड पडला. दोन्ही कार्डं एकाच कंपनीच्या कुलपाची. रिसीव्हरला दोन्ही सारखीच, म्हणून तो नवं पाकीट आधी वरच्या कार्डाला द्यायचा. वरचं कार्ड पाकीट ओळखायचं, हक्क शोधायचं, नाही म्हणायचं. मग खालच्याची पाळी. एवढ्यात जुनी चावी संपलेली असे. आमचं कार्ड चोख होतं, फक्त त्याला दुसऱ्यांदा विचारलं जात होतं.

रिमोटने मेनूत शिरलो. भाषा, मग टीव्ही सिस्टिम, मग चार पानं खाली कार्डाचा क्रम. खालची खाच पहिली केली. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं. मॅक्युलमचे 158 झाले, त्यातले शेवटचे बरेच कळमन्यानेही पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी भारनियमनात लाईट गेली, इन्व्हर्टर बसला, रिसीव्हर बंद पडून पुन्हा चालू झाला आणि क्रम पुन्हा पहिल्यासारखा. वरची खाच आधी. हा डब्बा लाईट गेली की शिकवलेलं विसरत होता, आणि त्या उन्हाळ्यात लाईट रोज जायची. तेव्हा मी जे आदल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. जुनं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, आमचं वर घातलं, आणि घरून बायकोचं नेलपॉलिश आणून वरच्या खाचेजवळ लाल टिपका दिला. मेनूवर विसंबायचं नाही, हे तेव्हापासूनचं.

दरम्यान वस्तीच्या गच्च्यांवर छोट्या छत्र्या उगवल्या होत्या. डिश टीव्ही 2003 चा, डीडी डायरेक्ट 2004 चा, टाटा स्काय 2006 चा. छत्रीचं तोंड बघून घरात कोणाचं कार्ड आहे ते मी रस्त्यावरून सांगायचो. टाटा स्कायचा उपग्रह 83 अंशांवर, म्हणजे आमच्याकडून जवळपास नाकासमोर दक्षिणेला. डिश टीव्ही 95 वर, बरीच पूर्वेला झुकलेली. डीडी पुढे 93.5 वर गेला तरी डिशच्या शेजारीच, त्यामुळे या दोघांत माझी फसगत व्हायची. हमालांच्या खोल्यांवर मात्र डोळे मिटून डीडी म्हणायचं. त्याला कार्ड नव्हतं आणि महिना भरायचा नव्हता.

मग 31 मार्च 2013 ची तारीख आली. डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या 38 शहरांत नागपूर होतं. प्रत्येक घरी सेट टॉप बॉक्स. डब्बा आणि त्याचं कुलूप जोडीने बांधलेलं, शेजाऱ्याचं कार्ड काढून आपल्यात घातलं तर चालत नाही. पन्नास वर्षांच्या बाया विचारायच्या, "माह्या घरी कार्ड कायले?" त्यांना समजावत मी दोन महिने जिने चढलो. आमच्या खोलीत आता मोठ्या ऑपरेटरची फायबर आली, सगळी चॅनलं आयतीच. रॅकला काम उरलं नाही. लोखंड आणि मेलेले डब्बे कबाड्याने किलोवर नेले, बारा फुटी जाळी घरमालकाने मागून घेतली.

कार्डं मात्र कंपन्यांची मालमत्ता, ती नंबर मोजून परत करायची होती. खोडरबर मारून, रबरबँड लावून घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने एकेक नंबर कॉम्प्युटरवर टिक केला. शेवटी ड्रॉवरमधलं ते पारडीवालं कार्ड पुढे केलं. त्याने नंबर दोनदा टाकला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे सरकवलं.

"हे आमच्या यादीत नाही, काका. ठेवा तुमच्याकडेच."