दणक्यासाठी नव्हे

माझ्या मिक्सिंगच्या खोलीत सब, म्हणजे फक्त खालचा आवाज देणारा सबवूफर, दिसला की गिऱ्हाईक खूश. ‘आता दणका येणार,’ म्हणतं. मी मान डोलावतो आणि कामाला लागतो. पण स्टुडिओत ही पेटी शिरली ती दणक्यासाठी नव्हे.

1973 साली लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डर्स स्टुडिओत स्टीली डॅन या बँडच्या ‘प्रेट्झेल लॉजिक’ या अल्बमचं मिक्सिंग चाललं होतं. ही मंडळी कमालीची चिकित्सक. त्यांचा रेकॉर्डिस्ट रॉजर निकोल्स यानं केन क्रायझेल नावाच्या तरुणाला त्याच्या सबवूफरचा नमुना घेऊन बोलावलं. रेकॉर्डिंगच्या कामात सब वापरल्याची पहिली वेळ म्हणून हीच सांगितली जाते. या बँडचं संगीत भिंती हादरवणारं मुळीच नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला बोलते. तिथे नेमकं काय चाललंय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

त्याआधी सब होता तो हौशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा पातळ पडदा वरचे सूर फार स्वच्छ द्यायचा, पण खाली त्याचा दम संपायचा. म्हणून 1968 च्या सुमारास इन्फिनिटी कंपनीनं आपल्या सर्वो-स्टॅटिक स्पीकरमध्ये अठरा इंची कोनाची वेगळी पेटी जोडली. म्हणजे सब जन्मला तोच दुसऱ्याची उणीव भरायला.

ही उणीव का राहते, ते जोसेफ अँटन हॉफमननं सांगून ठेवलंय. हा स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीच्या नावातला ‘एच’. त्याचा हिशेब असा : लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतील. माझ्या मते दुकानात स्पीकर विकणाऱ्या प्रत्येकाच्या गल्ल्यावर हे वाक्य लावलं पाहिजे.

सत्तरच्या दशकात मोठ्या स्टुडिओंना याची चिंता नव्हती, कारण तिथले मॉनिटर, म्हणजे ऐकायचे स्पीकर, भिंतीत बसवलेले, कपाटाएवढे. मग रेकॉर्डिस्ट एका स्टुडिओत नोकरी न करता सुटी कामं घेत हिंडू लागले. प्रत्येक ठिकाणचा आवाज निराळा, त्यामुळे आपला ओळखीचा स्पीकर काखोटीला मारून न्यायची पद्धत पडली. 1978 मध्ये घरगुती म्हणून आलेला यामाहाचा एनएस-10 असा स्टुडिओत घुसला. रेकॉर्डिस्ट बॉब क्लियरमाउंटननं त्याला नावारूपाला आणलं. वरचा आवाज बोचतो म्हणून लोक ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत. यामाहाच्याच आकड्यांप्रमाणे तो 60 हर्ट्झपर्यंतच पोचायचा. त्याखालचा बेस रेकॉर्डिस्ट डोळ्यांनी बघत : पांढरा कोन किती आतबाहेर होतोय, त्यावरून अंदाज. 2001 मध्ये तो बंद झाला, पण त्याच्या जोड्या अजून टेबलांवर आहेत.

1991 मध्ये संगणकावर रेकॉर्डिंग करणारं प्रो टूल्स आलं आणि पुढच्या काही वर्षांत स्टुडिओच घरातल्या खोलीत मावू लागला. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटर स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद बसायचा. आता तेच काम फ्लॅटच्या एका बेडरूममध्ये होतं. पेटी लहान झाली होतीच, आता खोलीही लहान झाली. पेटीची उणीव सब भरून काढतो, पण खोलीचं काय?

माझी पुण्यातली खोली साडेअकरा फूट लांब. ध्वनी सेकंदाला 343 मीटर जातो. त्या हिशेबानं या लांबीत 49 हर्ट्झची लाट समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये अडकून बसते. बेस गिटारचा खालचा जी हा सूर नेमका तेवढाच. खुर्ची लांबीच्या मधोमध ठेवली की जी गायब! मागच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की तोच जी अंगावर येतो. वादक एकच, ताकद तीच. मधोमध बसणारा भाबडेपणानं जी वाढवत सुटतो.

खोलीशी भांडून भागत नाही, म्हणून जुनी युक्ती. सब उचलून थेट ऐकायच्या खुर्चीवर ठेवायचा, बेसच्या सुरांची चढउतार लावायची आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं फिरायचं. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे वाटतील, तिथे सब. शेजारच्या वहिनींनी एकदा दारातून मला तसं पाहिलं आणि आल्या पावली परत गेल्या.

मॉनिटर आणि सब यांची वाटणी मी 80 हर्ट्झवर करतो. हा आकडा टॉमलिन्सन होल्मनच्या टीएचएक्स या ध्वनिमानकामुळे रूढ झाला. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट उमगत नाही, त्यामुळे एकच सब टेबलाच्या एका बाजूला असला तरी चालतं. मग दोघांच्या लाटांचा मेळ, म्हणजे फेज, आणि शेवटी सबची लेव्हल. लेव्हल बहुतेक जण चढीच ठेवतात. मग मिक्समध्ये बेस कमी पडतो आणि गाणं बाहेर पोकळ वाजतं.

सब बंद करायचा पायस्विच मात्र हवाच. गाणं मोबाइलच्या स्पीकरवर वाजणार असेल तर 41 हर्ट्झ तिथे पोचतच नाही; बेसच्या वरच्या स्वरांशांवरच चाल कळली पाहिजे. मिरवणुकीतल्या डॉल्बीवर वाजणार असेल, तर अठरा इंची कोनांच्या रांगा तळाचा सगळा केर उचलून रस्त्यावर फेकतात. तो केर मी सब चालू ठेवून आधीच कापतो.