काडीपैलवानाची चरबी

आमच्या बीड जिल्ह्यात एक समजूत पक्की आहे. मधुमेह आणि हृदयविकार हे बसून खाणाऱ्यांचे आजार. दसरा झाला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या फडात जाणाऱ्या माणसाला ते कशाला होतील? अंगावर मांस नाही, तिथं चरबी कुठली! ही समजूत कशी मोडली, त्याची गोष्ट मात्र न्यूमोनियापासून सुरू होते.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस हे दोघे न्यूमोनियाच्या रोग्यांचं रक्त तपासत होते. या रोगाच्या जंतूपासून काढलेला ‘सी’ नावाचा पदार्थ रोग्याच्या रक्तद्रवात मिसळला की साका बसे. रोगी बरा झाला की साका बसणं थांबे. हा साका बसवणारं रक्तातलं प्रथिन म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, अर्थात सीआरपी. शरीरात कुठंही दाह असला की यकृत ते तयार करतं. कोविडच्या साथीत ही तीन अक्षरं आपल्या खेड्यापाड्यांतही पोचली.

हृदयाशी त्याचा संबंध ठळकपणे पुढं आला १९९७ साली. अमेरिकेत डॉ. रिडकर आणि सहकाऱ्यांनी धडधाकट डॉक्टरांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. ज्यांचं सीआरपी आधीपासून थोडं जास्त होतं, त्यांना पुढं हृदयविकाराचे झटके जास्त आले होते. म्हणजे रक्तवाहिनी नळासारखी नुसती तुंबत नाही, तिच्या भिंतीत काहीतरी धुमसत असतं. १९९९ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांनी बोट ठेवलं ते चरबीवर. चरबी इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात सोडते आणि ते यकृताला सीआरपी तयार करायला लावतं.

इथं गोष्ट पुण्यात येते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हेच युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२! तराजू दोघांना एकाच मापात तोलत होता.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखून होती. पोटुशी असतानाही मोळ्या उचलणाऱ्या आमच्या बायका आठवल्या की मला हा आकडा पुण्याचा वाटत नाही.

२००८ साली याच गटानं ४४१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. काही खेड्यातले, काही पुण्याच्या झोपडपट्टीतले, काही मध्यमवर्गीय. खेड्याकडून शहराकडे येताना चरबी वाढत गेली आणि तिच्याबरोबर दाहाच्या खुणाही. दुष्काळानं उठलेली मराठवाड्यातली किती कुटुंबं ही वाट चालली आहेत!

दाहच मूळ असेल तर तो विझवून पाहावा, असाही प्रयोग झाला. २०१७ साली कॅनाकिनुमॅब या औषधानं दाह कमी झाला, झटकेही सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढले. औषध महागडं, ते वेगळंच.

आता कुणी म्हणेल, मग आम्हीही सीआरपी तपासून घेतो. घाई नको. साधा ताप, पिकलेली हिरडी, पायाची जखम, एवढ्यानंही ते वाढतं. न्यूमोनियातून सापडलेली खूण आहे ती, हृदयापुरती कशी राहील? त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढं गेली असेल, तर रक्तदाब मोजा, उपाशीपोटी साखर तपासा आणि रक्तातली चरबीही. हातपाय काडीसारखे असले तरीसुद्धा.