चिप आणि ‘परम’: बदलत्या सोयरिकींचा इतिहास

संगणक ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्याने त्यातली चिप स्वतः बनवलेली असते असे क्वचितच घडते. चिपचा आराखडा एका कंपनीचा असतो, ती सिलिकॉनवर उतरवणारा कारखाना अनेकदा दुसऱ्याचा, बोर्डावर बसवणारा तिसरा आणि पूर्ण यंत्र उभे करणारा चौथा. चिपची पुढची पिढी आली, भाव बदलले किंवा चिपवाल्याने स्वतःच बोर्ड विकायला घेतले, की या चौघांतली सोयरीक मोडते आणि नवी जुळते. महाराष्ट्रात या घडामोडींचा सलग पट पुण्यात पाहायला मिळतो. तिथल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ पासून ‘परम’ मालिकेतले महासंगणक बांधले. तीन दशकांत त्यांच्या पोटात अर्धा डझनाहून अधिक कंपन्यांच्या चिप येऊन गेल्या आणि त्यांतल्या तीन चिपचे नाते थेट ग्राफिक्सशी होते.

१९८०च्या दशकात भारताला संशोधनासाठी अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या कामी तो वापरला जाईल या शंकेने अमेरिकी सरकारने हात आखडता घेतला. मिळाला तो कमी ताकदीचा आणि फक्त हवामानाच्या अंदाजासाठी. याच पार्श्वभूमीवर मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर केंद्राचे प्रमुख झाले. तीन वर्षांची मुदत आणि ३० कोटी रुपये अशी सुरुवातीची तरतूद होती. एकच अतिशय वेगवान प्रोसेसर बनवणे किंवा विकत घेणे, दोन्ही शक्य नव्हते. म्हणून बाजारात मिळणारे पुष्कळ साधे प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून घेण्याचा, म्हणजे समांतर संगणनाचा, मार्ग धरला गेला.

या मार्गाला सोयीची ठरली ती ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ‘ट्रान्सप्युटर’ ही चिप. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार दुवे असत आणि त्यांतून तो शेजारच्या ट्रान्सप्युटरशी थेट बोलू शके. जोडणीसाठी वेगळ्या यंत्रसामग्रीची फारशी गरज पडत नसे. अशा ६४ चिपचा ‘परम ८०००’ १९९१ मध्ये जाहीर झाला. ‘पॅरलल मशीन’ या शब्दांतून तयार झालेले हे नाव मराठी कानालाही अर्थपूर्ण होते. यंत्राबरोबर ‘परस’ नावाची प्रोग्रॅमिंगची प्रणालीही सी-डॅकने स्वतः लिहिली. पुढच्या सगळ्या कहाणीत या दुसऱ्या गोष्टीचे वजन पहिलीपेक्षा जास्त ठरले.

इनमॉसचा पाया मात्र डळमळीत होता. ब्रिटिश सरकारच्या पैशावर १९७८ मध्ये निघालेली ही कंपनी १९८४ मध्ये थॉर्न ईएमआयकडे आणि १९८९ मध्ये एसजीएस-थॉमसनकडे गेली. म्हणजे ‘परम ८०००’ जाहीर होण्याआधीच त्याच्या चिपवाल्याचे मालक दोनदा बदलले होते. ट्रान्सप्युटरची पुढची आवृत्ती, टी-९०००, रखडली आणि अपेक्षित वेग गाठू शकली नाही. गंमत अशी, की इनमॉसचा एक भाग तोवर जगभरच्या कार्यालयांत पोहोचला होता: आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए चित्रपद्धतीत पडद्यावरचे रंग ठरवणारी चिप इनमॉसची होती.

ट्रान्सप्युटर मागे पडतोय हे दिसताच सी-डॅकने दुसरा सोयरा शोधला. इंटेलने १९८९ मध्ये आय-८६० हा प्रोसेसर आणला होता. त्यात दशांश गणिताच्या वेगवान भागाबरोबर त्रिमितीय चित्रांसाठीही स्वतंत्र भाग होता. त्यामुळे नेक्स्ट कंपनीच्या रंगीत ग्राफिक्स बोर्डात आणि सिलिकॉन ग्राफिक्सच्या ‘रिॲलिटी एंजिन’मध्ये तो चित्रांचे गणित करी. पुण्यात त्याच चिपला विज्ञानाचे गणित करायला लावले गेले. ‘परम ८६००’च्या प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक गणकघटकात, एक आय-८६० आणि चार ट्रान्सप्युटर बसवले होते. गणित पहिल्याने करायचे, निरोपांची ने-आण बाकीच्या चौघांनी. ‘परस’ मात्र तीच ठेवली, त्यामुळे वापरणाऱ्यांना आपले प्रोग्रॅम मुळापासून पुन्हा लिहावे लागले नाहीत. आय-८६०लाही दीर्घायुष्य लाभले नाही. १९९०च्या दशकाच्या मध्यात इंटेलने तो सोडून दिला आणि आपल्या मुख्य मालिकेवर लक्ष केंद्रित केले.

दोन चिपवाले असे हातातून गेल्यावर ‘परम ९०००’ मालिकेचा आराखडाच वेगळ्या विचाराने झाला. यंत्राचा सांगाडा आणि जोडणीचे जाळे कायम, आतला प्रोसेसर बदलता. एका प्रकारात सन कंपनीचा सुपरस्पार्क, दुसऱ्यात अल्ट्रास्पार्क आणि तिसऱ्यात डिजिटल इक्विपमेंटचा अल्फा बसवला गेला. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. सुटी चिप विकत घेऊन बोर्ड बनवण्याऐवजी सनचे ‘एंटरप्राइज २५०’ हे आख्खे सर्व्हरच नोड म्हणून वापरले गेले. प्रत्येकात दोन अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर होते. १६० प्रोसेसरांची जुळणी सेकंदाला दहा हजार कोटी गणिती क्रिया करू शके. २००३ च्या ‘परम पद्म’ने आयबीएमच्या पॉवर-४ प्रोसेसरांवर एक टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रियांचा, टप्पा ओलांडला आणि जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ वे स्थान मिळवले. २००८ च्या ‘परम युवा’त पुन्हा इंटेल आले. या सर्व काळात सी-डॅकच्या स्वतःच्या हातात राहिले ते ‘परमनेट’ हे जोडणीचे जाळे आणि त्यावर चालणारी प्रणाली. पुण्यातच टाटांच्या सीआरएलने २००७ मध्ये उभारलेला ‘एका’ याच पद्धतीचा होता: सर्व्हर ह्यूलेट-पॅकार्डचे आणि प्रोसेसर इंटेलचे. जागतिक यादीत त्याने चौथे स्थान पटकावले.

त्याच वर्षांत ग्राफिक्स चिपच्या बाजारात चिपवाले आणि कार्डवाले यांची वेगळीच ओढाताण चालू होती. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एन्व्हिडियाची पहिली चिप १९९५ मध्ये बाजारात आली. ती घडवली एसजीएस-थॉमसनने, म्हणजे इनमॉसच्या नव्या मालकाने, आणि कार्डाच्या रूपात विकली डायमंड कंपनीने. तेव्हाची रीत हीच होती. चिपवाला चिप देई. कार्ड, खोका आणि दुकानापर्यंतची वाट कार्डवाल्याची. १९९६ मध्ये ‘व्हूडू’ चिपमुळे गाजलेल्या थ्रीडीएफएक्सने ही रीत मोडली. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी ही कार्डनिर्माती कंपनी घेण्याचे जाहीर केले आणि पुढची चिप फक्त आपल्याच कार्डांवर बसेल असे ठरवले. हातची चिप गेल्यावर बाकीचे कार्डवाले इतर चिपवाल्यांकडे, मुख्यतः एन्व्हिडियाकडे, वळले. दोनच वर्षांत, डिसेंबर २००० मध्ये, थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एन्व्हिडियालाच विकली गेली. कॅनडाची एटीआय उलट दिशेने निघाली: आधी स्वतःची कार्डे स्वतःच विकणाऱ्या या कंपनीने नंतर इतरांनाही चिप द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने तिला विकत घेतले. तोवर एएमडीच्या प्रोसेसरांसाठी मदरबोर्डवरच्या चिप पुरवणारी एन्व्हिडिया एका रात्रीत तिची प्रतिस्पर्धी झाली. कार्डवाल्यांची अडचण पुढेही संपली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ईव्हीजीए या अमेरिकी कंपनीने एन्व्हिडियाशी असलेले नाते तोडले आणि ग्राफिक्स कार्डांचा धंदाच बंद केला.

चित्रे काढणारी चिप विज्ञानाच्या गणितात आली ती तिच्या रचनेमुळे. पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांवर एकच क्रिया एकाच वेळी करायची असते, म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये शेकडो छोटे गणकभाग असतात. हवामानाचे प्रारूप असो वा रेणूची हालचाल, गणिताचे स्वरूप तसेच असते. एन्व्हिडियाने २००६ च्या अखेरीस ‘कुडा’ ही प्रोग्रॅमिंगची पद्धत जाहीर केली आणि संशोधकांना ही चिप चित्रांशिवायही वापरता येऊ लागली. इंटेलनेही ‘लाराबी’ नावाची ग्राफिक्स चिप आखली होती. २००९ च्या शेवटी तिचा ग्राफिक्सचा बेत रद्द झाला. मात्र त्याच आराखड्यातून गणितासाठीची ‘झिऑन फी’ ही सहप्रोसेसर चिप निघाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅकने जाहीर केलेला ‘परम युवा-२’ तिच्यावर बेतला होता. १६ कोटी रुपये आणि तीन महिने एवढ्यात तो उभा राहिला आणि त्याची कमाल क्षमता ५२४ टेराफ्लॉप होती. पाच वर्षांपूर्वीच्या ‘युवा’ची होती ५४. पण झिऑन फीही काही वर्षांतच बंद झाली.

ग्राफिक्सशी नाते असलेली तिसरी चिप सर्वांत ताकदवान होती, आणि सर्वांत जास्त अटी घेऊन आली. २०२० चा ‘परम सिद्धी-एआय’ एन्व्हिडियाच्या ए-१०० या ग्राफिक्स वंशाच्या चिपवर चालतो. त्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. त्याचे नोड म्हणजे एन्व्हिडियाची स्वतःची ‘डीजीएक्स’ यंत्रे. चिप, बोर्ड, पेटी आणि प्रोग्रॅमिंगची पद्धत, सगळे एकाच घरचे. जोडणीचे जाळे मेलानॉक्सचे, आणि ती कंपनीही त्याच वर्षी एप्रिलमध्ये एन्व्हिडियाने विकत घेतली होती. तरीही या पेटीतला मुख्य प्रोसेसर एएमडीचा होता, म्हणजे ग्राफिक्समधल्या प्रतिस्पर्ध्याचा. आधीच्या डीजीएक्समध्ये तो इंटेलचा होता आणि पुढच्या पिढीत पुन्हा इंटेलचाच झाला. पुण्याच्या बाजूने पाहता मात्र परमनेटच्या काळात सी-डॅककडे असलेला वाटा या यंत्रात चिपवाल्याकडे गेला होता.

तो वाटा परत मिळवण्याची धडपड राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत दिसते. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीने मंजूर झालेल्या या मोहिमेत आधी २०१८ मध्ये फ्रान्सच्या ॲटॉसशी करार झाला आणि त्यातून बनारस, पुणे आदी ठिकाणी यंत्रे उभी राहिली. पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ त्यांतलाच. २०२३ मध्ये जागतिक यादीत ७५ व्या स्थानी आलेला सी-डॅकचा ‘ऐरावत’ भारतीय कंपनी नेटवेबने बांधला. आतल्या चिप एन्व्हिडिया आणि एएमडीच्याच. पुढे सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर स्वतः आखला. तो वापरून पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे उभारलेले तीन ‘परम रुद्र’ २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. तिघांचा खर्च सुमारे १३० कोटी रुपये. पुण्याचे यंत्र नारायणगावजवळच्या खोडद इथल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, कामासाठी आहे. अवकाशातून क्षणभर येणारे तीव्र रेडिओ स्फोट शोधणे हे त्याचे एक काम.

इनमॉसपासून एन्व्हिडियापर्यंत एकही चिप ‘परम’च्या दोन-तीन पिढ्यांपलीकडे टिकली नाही, टिकले ते जोडणीचे ज्ञान आणि प्रोग्रॅम लिहिणारी माणसे. ‘रुद्र’चा बोर्ड आता सी-डॅकचा स्वतःचा आहे. त्यावर बसलेला प्रोसेसर अजून इंटेलचा आहे.