खांदा बदलला, आता कामावर कधी?

१८९३ साली पॅरिसमध्ये एका ३७ वर्षांच्या कष्टकऱ्याचा खांदा क्षयाने पोखरला होता. हात खांद्यापासून काढावा लागेल, असं त्या काळचे नामांकित सर्जन झ्यूल एमिल पेआँ यांचं मत पडलं. तो नाही म्हणाला. त्या नकारातून पेआँनी त्याला कृत्रिम खांदा बसवला. खांदा बदलल्याची ही पहिली ठळक नोंद. श्रेय पेआँना मिळतं आणि ते रास्तच आहे. पण माझ्या लेखी त्या रुग्णाचा मान थोडा मोठा. हातावर पोट असलेल्या माणसाला हात जाणं म्हणजे काय, ते डॉक्टरला सांगून कळत नाही.

तो सांधा जे. पोर्टर मायकल्स या दंतवैद्याने घडवला होता. दंडाच्या हाडाच्या जागी प्लॅटिनमची नळी आणि वर पॅराफिनमध्ये उकळलेला कडक रबराचा गोळा. हात हलायला लागला. पण क्षयावर तेव्हा औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून पन्नास वर्षं होती. जखम वाहत राहिली आणि दोनेक वर्षांनी सांधा काढून टाकावा लागला.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. झोळीत हात घालून येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "ताई, कामावर कधी?" हा प्रश्न मनापासून घेणारा माणूस म्हणून मला बोस्टनचे अर्नेस्ट कॉडमन जवळचे वाटतात. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाला वर्षभराने पुन्हा गाठून विचारावं, उपचाराचा खरंच उपयोग झाला का, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि आपल्या चुकाही छापून प्रसिद्ध केल्या. १९३४ च्या खांद्यावरच्या त्यांच्या ग्रंथात कामगारांच्या दुखापतींचा विचार आहे. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि हलकेच झुलवायचा, हा व्यायाम आम्ही आजही त्यांच्याच नावाने शिकवतो.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीअर यांनी १९५० च्या दशकात दंडाच्या हाडाचा चुरा झालेल्या रुग्णांसाठी धातूचा गोळा बसवायला सुरुवात केली. १९७४ मध्ये त्यांनी समोरच्या खोबणीलाही प्लास्टिकचं अस्तर दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्याइतकाच त्यांचा भर नंतरच्या व्यायामावर होता. ज्यांचे खांद्याभोवतीचे स्नायू निकामी झालेत, त्यांच्याकडून हात पूर्ण वर जाण्याची अपेक्षा न ठेवता वेदना थांबणं आणि रोजची कामं जमणं एवढंच ध्येय ठेवावं, असं ते सांगत. अशाच रुग्णांसाठी फ्रान्समध्ये दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास सांधा उलटा केला: गोळा खांद्याच्या फऱ्याला, वाटी दंडाला. त्यामुळे फाटलेल्या स्नायूंचं हात उचलण्याचं काम खांद्यावरचा डेल्टॉइड हा स्नायू एकटा करू शकतो.

माझ्याकडे आलेल्या एका खानावळवाल्या मावशींचा खांदा असाच उलटा बसवलेला. भाकरी थापायला हात वर न्यावाच लागत नाही. खरी अडचण पीठ मळताना, कारण तेव्हा सगळा भार खांद्यावर येतो. मग आम्ही ओटा बुटका करून घेतला, हंडा उचलायचं काम मुलाकडे दिलं, आणि पहिले काही आठवडे त्यांनी फक्त थापायचं, मळायचं सुनेने, असं ठरवलं. त्या पुन्हा चुलीपाशी बसल्या तेव्हा हात डोक्याच्या वर जात नव्हता, आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

ऑपरेशन करताना सहसा खांद्याच्या पुढचा एक स्नायू सोडवून पुन्हा शिवावा लागतो. तो जुळून येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, खुर्चीच्या हाताला रेटा देऊन उठणंसुद्धा नको. टेबलावरचं काम त्या सुमारास जमायला लागतं. ओझ्याच्या कामाला कित्येक महिने लागतात, आणि काही कामं सोडावीच लागतात. हे रुग्णाला ऑपरेशननंतर कळणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून खांदा बदलायचं ठरलं, तर तारीख घेण्याआधी सर्जनना आपलं काम सांगा. किती वजन, किती उंचीवर, दिवसातून किती वेळा, आणि मदतीला कोण आहे, तेही सांगा.